छोट्या कार्यालयाच्या बॅकअपचे वेळापत्रक कसे लावावे

आमचे कर सल्लागाराचे कार्यालय लहान आहे. पाच संगणक, टॅलीचा डेटा ठेवलेला एक सर्व्हर, एक स्कॅनर आणि वर्षभर कागदांच्या पिशव्या घेऊन येणारे अशील. एका सप्टेंबरात, लेखापरीक्षण अहवालांची ३० तारखेची मुदत तीन आठवड्यांवर आलेली असताना, सर्व्हरची हार्ड डिस्क बंद पडली. बॅकअपचे सॉफ्टवेअर आमच्याकडे होते, त्यासाठी पैसे मोजले होते आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात त्याची हिरवी खूण रोज दिसत असे. त्या खुणेवर क्लिक करून आतली नोंद उघडली तेव्हा कळले की शेवटची प्रत फेब्रुवारीतली आहे. फेब्रुवारीत आम्ही नवीन जागेत आलो होतो आणि तेथे शेवटी निघणारा माणूस शटर ओढण्याआधी मेन स्विच बंद करत असे. बॅकअपची वेळ मात्र सॉफ्टवेअरने सुरुवातीला सुचवलेलीच राहिली होती : रात्री दोन. त्या वेळी सर्व्हर चालूच नसायचा. हिरवी खूण शेवटच्या यशस्वी बॅकअपची होती आणि त्याची तारीख तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली होती. पुढचे अठरा दिवस चार जणांनी कागदी पावत्यांवरून सात महिन्यांची व्हाउचर पुन्हा भरली.

त्यानंतर आम्ही सगळी व्यवस्था नव्याने बसवली. ती बसवताना जे शिकावे लागले, ते पहिल्यांदाच बॅकअप लावणाऱ्यांसाठी क्रमाने लिहीत आहे. उदाहरणे आमच्या व्यवसायातली आहेत, पण दवाखाना, छापखाना किंवा पतसंस्थेची शाखा यांनाही बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतील.

सुरुवात करण्याआधी जवळ काय असावे

- बॅकअपचे सॉफ्टवेअर. आम्ही रेस्टिक वापरतो. ते मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, पण त्याला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. खिडक्या-बटणे असलेले हवे असेल तर डुप्लिकाटी किंवा व्हीम एजंटची मोफत आवृत्ती पाहावी.
- कार्यालयातच राहणारे साठवणीचे साधन, म्हणजे नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) किंवा वेगळा जुना संगणक. एकूण डेटाच्या निदान अडीच पट जागा त्यात असावी.
- बाहेर नेता येतील अशा दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. एक पुरत नाही. कारण पुढे येईल.
- क्लाउडवरील जागा. कंपन्यांची हिशेबपुस्तके सांभाळत असाल तर सर्व्हर भारतात असलेली.
- सर्व्हर, राउटर आणि नॅस यांच्यासाठी यूपीएस आणि मेन स्विचपासून वेगळी केलेली वीजजोडणी.
- सर्व संगणकांचे ॲडमिन पासवर्ड, सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक आणि एक जाड वही.

१. डेटा नेमका कोठे आहे ते फिरून पाहा

ही यादी एका जागी बसून करू नका. प्रत्येकाच्या टेबलाजवळ जा आणि त्याला दिवसभराचे काम करून दाखवायला सांगा. आमचा समज असा होता की सगळे सर्व्हरवर आहे. प्रत्यक्षात पोर्टलवरून उतरवलेली विवरणपत्रे प्रत्येकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडलेली होती, स्कॅन केलेले कागद स्कॅनरने स्वतःच बनवलेल्या एका फोल्डरमध्ये जात होते, आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे ई-मेलचा साठा, एकाच संगणकावर होती, आणि काही अशिलांची बँक विवरणे फक्त एका सहकाऱ्याच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये होती. फोनमधून आलेली कागदपत्रे त्याच दिवशी सर्व्हरवरील अशिलाच्या फोल्डरमध्ये टाकायची, हा नियम आम्ही त्या फेरीनंतर केला.

काय वगळायचे हेही याच वेळी ठरवा. तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन आणि पुन्हा बसवता येणारे प्रोग्राम यांची प्रत घेण्यात अर्थ नाही. बॅकअप ज्या फोल्डरमध्ये साठतो ते फोल्डर मात्र आठवणीने वगळा, नाहीतर बॅकअपचाच बॅकअप होत राहतो आणि डिस्क भरते. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनमधली खाजगी किल्ली बाहेर काढता येत नाही, त्यामुळे तिची प्रत होणार नाही; ते टोकन हरवले तर नवीन प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे गृहीत धरा.

२. दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा

पहिला प्रश्न : किती तासांचे काम पुन्हा करावे लागले तर चालेल? दुसरा : डिस्क गेल्यापासून किती वेळात काम पुन्हा सुरू झाले पाहिजे? बॅकअप किती वेळा घ्यायचा हे पहिल्या उत्तरावरून ठरते, आणि प्रत कोठे ठेवायची हे दुसऱ्यावरून.

आमच्याकडे दिवसाला सुमारे चारशे व्हाउचर भरली जातात. अर्ध्या दिवसाचे काम गेले तर उशिरापर्यंत थांबून भरून काढता येते, पूर्ण दिवसाचे गेले तर मुदतीच्या आठवड्यात ते जड जाते. म्हणून टॅलीसाठी दिवसातून दोनदा आणि स्कॅन केलेल्या कागदांसाठी एकदा, असे ठरले.

दुसऱ्या उत्तरासाठी थोडे गणित करावे लागते. आमचा एकूण डेटा १८० जीबी आहे. इंटरनेट जोडणीचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला अडीच एमबी, म्हणजे तासाला ९ जीबी जाते. पहिली पूर्ण प्रत वर चढायला सलग वीस तास लागणार. रोज बदलणारा डेटा साधारण २ जीबी असल्याने त्यानंतरचे काम पंधरा मिनिटांत होते. परत आणताना डाउनलोडचा वेग १०० एमबीपीएस धरला तरी चार तास लागतात, आणि तेही वेग टिकला तर. त्यामुळे रोजच्या अडचणींसाठी कार्यालयातली प्रत आणि मोठ्या आपत्तीसाठी बाहेरची प्रत, अशी विभागणी करावी लागली. वेग मोजताना जाहिरातीतला आकडा घेऊ नका. दुपारी बाराच्या सुमारास, सगळे कामात असताना, स्वतः मोजा.

३. प्रती कोठे ठेवायच्या

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही पुरेसा आहे : डेटाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. मूळ डेटा ही पहिली प्रत, नॅसवरची दुसरी, आणि क्लाउडवरची किंवा घरी नेलेल्या डिस्कवरची तिसरी.

दुसरे ठिकाण म्हणजे वरचा मजला किंवा शेजारचे दुकान नव्हे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरचे मोठे भाग अनेक दिवस पाण्यात होते. अशा वेळी सर्व्हर आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जातात. नदीकाठच्या गावात असाल तर दुसरी प्रत त्याच पूररेषेत नाही ना, हे पाहूनच जागा निवडा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हने जुळवून ठेवलेले फोल्डर हा बॅकअप होत नाही. तुम्ही फाइल पुसली तर ती तिकडेही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते आणि नंतर कायमची जाते. दोन डिस्क आरशासारख्या जोडणारी रेड व्यवस्थाही एक डिस्क बिघडली तर काम चालू ठेवते, पण चुकून पुसलेली फाइल ती त्याच क्षणी दोन्हीकडून पुसते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाजकंपनीचे जाळे बंद पाडले, आणि त्याचा फटका आपल्या न्हावा शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनललाही बसला. कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर) एकमेकांशी सतत जुळलेले असल्याने ते जवळपास सगळे एकदमच नष्ट झाले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच प्रतीवरून त्यांना पुढची उभारणी करता आली.

दोन पोर्टेबल डिस्क घ्या म्हटले ते यासाठीच. फाइली सांकेतिक करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागणारा खंडणीखोर प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर पोहोचतो. डिस्क कायम जोडून ठेवली तर तिचा उपयोग नाही, आणि एकच डिस्क असेल तर ती जोडलेल्या तासाभरातच घात होऊ शकतो. आम्ही त्यांच्यावर ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत. शनिवारी एक येते, बॅकअप होतो, ती काढली जाते आणि घरी जाते. पुढच्या शनिवारी दुसरी येते. डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही हे आधी तपासा, कारण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल लिहिता येत नाही आणि मोठे बॅकअप तेथेच अडकतात.

४. वेळापत्रक तुमच्या दिवसाला बेतून लावा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक सॉफ्टवेअर मध्यरात्रीनंतरची वेळ सुचवतात, कारण ती चोवीस तास चालू असणाऱ्या सर्व्हर-खोल्यांचा विचार करून बनवलेली असतात. आपल्याकडे कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडण्याची सवय आहे, आणि ती सुरक्षिततेसाठी योग्यही आहे. म्हणून आधी एक आठवडाभर नुसते निरीक्षण करा : सर्व्हर केव्हा चालू होतो, केव्हा बंद होतो, वीज कोणत्या वारी देखभालीसाठी जाते, जेवणाच्या सुट्टीत कोण काम करत राहते. मगच वेळा ठरवा.

आमचे सध्याचे वेळापत्रक असे आहे. दुपारी दीड वाजता, सगळे जेवायला उठल्यावर, सर्व्हरचा बॅकअप नॅसवर जातो. संध्याकाळी पावणेसातला टॅली बंद करून तिचा स्वतःचा बॅकअप घेतला जातो आणि सात वाजता दुसरा पूर्ण फेरा नॅसवर होतो. रात्री नऊ वाजता तोच डेटा क्लाउडवर चढतो. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून सर्व्हर, राउटर आणि नॅस यांची जोडणी स्वतंत्र एमसीबीवर (विजेच्या वेगळ्या खटक्यावर) घेतली आणि त्या खटक्यावर ‘बंद करू नये’ अशी लाल पट्टी चिकटवली. शनिवारी पोर्टेबल डिस्क. महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी आणि जुन्या प्रतींची साफसफाई.

कार्यालयीन वेळेत क्लाउडकडे काही पाठवायचेच असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वेगमर्यादा घाला. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखांना पोर्टल आधीच संथ असते, त्यात आपलीच जोडणी बॅकअपने अडवलेली असेल तर कोणीतरी कंटाळून बॅकअप बंद करून टाकतो आणि मग तो पुन्हा सुरू करायचा राहून जातो.

विंडोजवर वेळ लावण्यासाठी टास्क शेड्युलर वापरत असाल तर त्यात पाच जागा नीट पाहाव्या लागतात. नवीन काम नोंदवताना ‘फक्त विजेवर असताना सुरू करा’ या अर्थाची खूण आधीपासूनच केलेली असते. लॅपटॉपवर ती काढा. ठरलेली वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर काम सुरू करण्याचा पर्याय सेटिंग्जच्या पानावर असतो. त्यावर खूण करा, आमच्या सात महिन्यांचे नुकसान त्या एका खुणेने टळले असते. वापरकर्ता लॉग-इन नसतानाही काम चालावे, हा पर्याय निवडा. तो निवडल्यावर ‘झेड’ किंवा ‘वाय’ अशी अक्षरे दिलेले नेटवर्क ड्राइव्ह त्या कामाला दिसत नाहीत, म्हणून नॅसचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने न देता पूर्ण नेटवर्क मार्गाने द्या. आणि आधीचा बॅकअप अजून चालू असेल तर दुसरा सुरू होऊ नये, हेही तेथेच सांगा.

लिनक्सवर वेळ लावण्यासाठी क्रॉन वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की संगणक बंद असताना हुकलेले काम क्रॉन नंतर करत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर लागतो, आणि टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ ही सूचना ‘ट्रू’ अशी लिहावी लागते.

बॅकअप चालू असताना वीज गेली तर काय होते, हे एकदा मुद्दाम करून पाहा. रेस्टिकमध्ये अर्धवट राहिलेला फेरा यादीत पूर्ण प्रत म्हणून येत नाही आणि तोवर गेलेला डेटा पुढच्या वेळी उपयोगी पडतो, ही त्याची चांगली बाजू. मात्र कधी कधी मागे एक कुलूपनोंद (काम चालू असल्याची खूण) उरते आणि साफसफाईचे काम तिच्यामुळे अडते. ती काढण्याची आज्ञा आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

५. उघड्या फाइलींची काळजी घ्या

चार जण टॅलीत नोंदी करत असताना डेटाचे फोल्डर नुसते उचलून कॉपी केले तर काही फाइली दीडच्या आणि काही एक चौतीसच्या, असा मेळ न बसणारा गठ्ठा तयार होतो. विंडोजमधील व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सोय संपूर्ण ड्राइव्हचे एका क्षणाचे चित्र धरून ठेवते आणि चांगली सॉफ्टवेअर तिचा वापर करतात. रेस्टिकमध्ये ती वेगळी सांगावी लागते. तरीही त्या क्षणी अर्धे भरलेले व्हाउचर अर्धेच राहते. म्हणून दिवसातून एकदा तरी टॅलीतून सगळ्यांनी बाहेर पडावे आणि टॅलीचाच बॅकअप घ्यावा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबल्यावर तो पर्याय मिळतो. तयार झालेली फाइल मग सात वाजताचा फेरा आपल्यासोबत घेऊन जातो.

बिलिंगची किंवा दवाखान्याची अनेक सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवर चालतात. त्या आवृत्तीत कामे वेळेवर सुरू करणारा एजंट नसतो. डेटाबेसचा बॅकअप आपोआप होत असेल असे धरून चालणारे अनेक जण येथे फसतात. डेटाबेसला बॅकअपची आज्ञा देणारी छोटी फाइल बनवून ती टास्क शेड्युलरमधून चालवावी लागते. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर त्यांच्या स्वतःच्या डम्प साधनाने, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवणाऱ्या साधनाने, फाइल काढा. चालू डेटाबेसच्या फाइली थेट उचलू नका.

६. जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या

पूर्वीच्या पद्धतीत रविवारी पूर्ण बॅकअप आणि इतर दिवशी फक्त बदललेले भाग, अशी साखळी असे. त्यातला बुधवारचा दुवा खराब झाला तर गुरुवारपासूनचे सगळे निरुपयोगी ठरे. रेस्टिक आणि बोर्ग यांसारखी नवी सॉफ्टवेअर डेटाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकदाच साठवतात, त्यामुळे प्रत्येक दिवसाची प्रत पूर्ण दिसते आणि मधली एखादी काढली तरी बाकीच्या शाबूत राहतात. तुमचे सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचे असेल तर साखळीतल्या फाइली हाताने कधीही पुसू नका. ते काम सॉफ्टवेअरलाच करू द्या.

आता मुदत. आमच्याकडे १४ दैनिक, ८ साप्ताहिक, २४ मासिक आणि ८ वार्षिक प्रती राहतात. मासिक प्रती दोन वर्षांच्या ठेवण्यामागे अनुभव आहे : मे महिन्यात बिघडलेली एखादी खातेवही लेखापरीक्षणासाठी पुढच्या सप्टेंबरातच उघडली जाते. फक्त ३० दिवसांच्या प्रती असत्या तर त्या सगळ्यांत बिघडलेलीच फाइल असती.

वर्षांचा आकडा कायद्यावरून आला. कंपनी कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटीच्या ३६ व्या कलमानुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचा नियम आधीपासून होता. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो ठरावीक काळाने घेण्याऐवजी दररोज घेणे बंधनकारक झाले. केंद्रीय जीएसटी नियमांतील ५७ वा नियमही सांगतो की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी वेळेत परत आणता येतील असा बॅकअप असावा.

येथे एक बारीक पण महागात पडणारी अडचण आहे. सॉफ्टवेअरचे ‘वर्ष’ जानेवारी ते डिसेंबर असते. ‘वार्षिक प्रत ठेवा’ असे सांगितले की ते त्या वर्षातली शेवटची, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आसपासची प्रत ठेवते. आपल्याला ३१ डिसेंबरचे काहीच अगत्य नाही. आपले वर्ष ३१ मार्चला संपते, आणि समायोजनाच्या नोंदी होऊन पुस्तके पक्की होतात ती लेखापरीक्षण अहवालावर सही झाल्यावर. म्हणून आम्ही अहवालांच्या सह्या झाल्या की त्या दिवशीच्या प्रतीला ‘लेखापरीक्षित’ अशी खूण लावतो आणि ती खूण असलेल्या प्रती साफसफाईतून कायम वगळतो. रेस्टिकमध्ये अशी खूण लावण्याची सोय आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये ती नसेल तर त्या दिवसाची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.

‘तीस दिवसांपेक्षा जुने सगळे पुसा’ हा नियम शक्य तो लावू नका. नवीन प्रती बनणे काही कारणाने थांबले आणि पुसण्याचे काम मात्र नेमाने चालू राहिले, तर एकतिसाव्या दिवशी हाती काहीच उरत नाही. वयावरून न पुसता शेवटच्या इतक्या प्रती राखा, असे सांगणारा नियम निवडा. रेस्टिक फक्त प्रत असलेले दिवस मोजते, त्यामुळे दिवाळीत कार्यालय पाच दिवस बंद असले तरी चौदा प्रती चौदाच राहतात. त्यात प्रत यादीतून काढणे आणि जागा मोकळी करणे ही दोन वेगळी कामे आहेत हेही नवख्यांना ठाऊक नसते; दुसरी आज्ञा दिली नाही तर यादी छोटी होते पण डिस्क भरतच जाते.

७. पासवर्ड हरवू देऊ नका

कार्यालयाबाहेर जाणारी प्रत सांकेतिक स्वरूपातच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, असली पाहिजे, कारण तिच्यात शेकडो लोकांचे पॅन, आधार आणि बँक खाती असतात. रेस्टिक प्रत्येक प्रत सांकेतिक करते आणि तो पासवर्ड विसरला तर ती प्रत कोणालाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही, उघडता येत नाही. पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये लिहून ठेवला असेल तर सर्व्हरबरोबर तोही जातो. आमचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहे : एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक भागीदाराच्या घरी. पाकिटात क्लाउडच्या खात्याचे नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहिलेली आहे. क्लाउडच्या खात्याला दुपदरी पडताळणी असेल तर तिचे राखीव क्रमांकही त्याच पाकिटात घाला, कारण फोनही त्याच पुरात गेलेला असू शकतो.

८. बॅकअप झाला नाही हे कळले पाहिजे

बॅकअप झाल्याचा निरोप रोज येतो, म्हणून तो पंधरा दिवसांनी कोणी वाचत नाही. आणि बॅकअप सुरूच झाला नाही तर अपयशाचा निरोप पाठवायलाही कोणी नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबीचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप पाहायला गेले तेव्हा तो कित्येक दिवस होतच नव्हता असे दिसले, कारण डम्प काढणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी होती; आणि अपयशाचे ई-मेल निघत होते खरे, पण पाठवणाऱ्याची पडताळणी न झाल्याने ते परत फिरवले जात होते. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या प्रतीवर त्यांची सोडवणूक झाली. इतकी जाणती माणसे जेथे अडली, तेथे आपण उलट बाजूने व्यवस्था करावी.

उलट बाजूने म्हणजे असे : बॅकअप यशस्वी झाला की तो बाहेरच्या एका सेवेला एक छोटी खबर देतो, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत खबर आली नाही तर ती सेवा आपल्याला कळवते. हेल्थचेक्स ही अशी मुक्त स्रोताची सेवा आहे. आमच्या दोन भागीदारांच्या फोनवर तिचा इशारा येतो. दोघांच्या, कारण एक जण गावाला गेलेला असतो.

खबर पाठवताना दोन चुका होतात. पहिली, आज्ञांच्या फाइलमध्ये बॅकअपच्या ओळीनंतर ‘काम संपले’ असे लिहिणारी आणखी एक ओळ असते. टास्क शेड्युलर बहुधा शेवटच्या ओळीचा निकाल धरतो, आणि ती ओळ नेहमीच यशस्वी होते. बॅकअपचा निकाल लगेच तपासून मगच पुढे जा. दुसरी, ‘काही फाइली वाचता आल्या नाहीत’ हा निकाल लोक यशात धरतात. रेस्टिक अशा वेळी ३ हा वेगळा क्रमांक देते. आमच्याकडे तो तीन दिवस येत होता आणि न वाचलेली फाइल नेमकी आउटलुकची होती.

रोज किती डेटा बदलला तो आकडाही नोंदवा. रोज २ जीबी जाणारे एके दिवशी १५० जीबी झाले, तर कोणीतरी सगळ्या फाइली सांकेतिक करत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी आधी नेटवर्कची वायर काढा आणि मग विचार करा.

९. परत आणून पाहा

दर तीन महिन्यांनी आम्ही एक दुपार यासाठी राखून ठेवतो. एक अशील चिठ्ठी टाकून निवडतो आणि त्याचा मागच्या वर्षीचा टॅली डेटा, पाच स्कॅन केलेले कागद आणि एक ई-मेल परत आणतो. हे काम सर्व्हरवर करत नाही. वेगळ्या लॅपटॉपवर, नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये करतो. टॅलीचा बॅकअप परत आणताना चालू डेटाचेच फोल्डर दिले तर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतात, आणि हे नुकसान बॅकअप तपासण्याच्या नादात होते. फोल्डर उघडले म्हणजे झाले असे समजू नका. ताळेबंद काढा आणि छापून ठेवलेल्या ताळेबंदाशी बेरीज जुळवा.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, फक्त क्लाउडवरची प्रत आणि लॉकरमधले पाकीट एवढ्यावरच सगळे उभे करून पाहतो, आणि ते काम ज्याने व्यवस्था लावली त्याने करायचे नाही असा नियम आहे. पहिल्या वर्षी आमच्या कनिष्ठ सहकारी पाकीट उघडून बसल्या आणि चाळीस मिनिटे अडकल्या, कारण पासवर्डमधले इंग्रजी मोठे ‘ओ’ आणि शून्य माझ्या अक्षरात सारखेच दिसत होते. त्यानंतर पासवर्ड टंकित करून, प्रत्येक संदिग्ध अक्षराखाली ते काय आहे हे लिहून, दोन्ही पाकिटे बदलली.

या प्रत्येक चाचणीची नोंद वहीत होते : तारीख, कोणी केली, काय परत आणले, किती मिनिटे लागली, काय अडले. शनिवारी कोणती डिस्क घरी गेली, हेही त्याच वहीत. वही सर्व्हरच्या खोलीत ठेवलेली नाही. ती शनिवारच्या डिस्कबरोबरच घरी जाते आणि सोमवारी परत येते.